बेल शिवशरणची नव्हती

धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारात त्या आठवड्याला सोयाबीनचा भाव काय निघाला, हे कुणाला धड सांगता आलं नसतं. पण कोरेवाडीच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर शिवशरण एका बाईच्या स्कुटीवर मागं बसून पळाला, हे पोराटोरांनाही पाठ होतं. नुसता बसून नव्हे, तिच्या खांद्यावर मान टाकून. आणि पुढचं ऐका. वाटेत कुणी सोडवू नये म्हणून दोघांनी एकमेकांना ओढणीनं बांधून घेतलं होतं. एका मोटारसायकलवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. दुपारपर्यंत ओढणीचा रंग हिरवा ठरला, दिवेलागणीला तिला जरीचे काठ लागले, आणि दुसऱ्या दिवशी तर दोघांना तुळजापुरात एकमेकांना हार घालताना बघितलेला माणूसही निघाला. तो माणूस आठवडाभर गावाबाहेर गेलेला नव्हता, पण गोष्ट रंगात आली की अशा बारक्यासारक्या अडचणी कोण बघतो?

या सगळ्या गलक्यात एकच माणूस गप्प होता, आणि खरं तर तीच मोठी बातमी होती. तो म्हणजे बलभीम ड्रायव्हर. एरवी याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. डेपोच्या कँटीनमध्ये कुणाच्या घरी कुकर फुटला, कुणाचा जावई रुसून जेवला नाही, ही वार्ता आधी बलभीमकडं यायची आणि त्याच्याकडनं मीठमसाला लावून पुढं जायची. आता त्याच्याच गाडीचा कंडक्टर नाहीसा झालेला, आणि हा बाबा चहाच्या कपात बघत बसलेला.

बलभीम आणि शिवशरण यांची जोडी जुनी. संध्याकाळची शेवटची लाल गाडी घेऊन कोरेवाडीला जायचं, मारुतीच्या पारापाशी गाडी लावायची, गावात त्या दिवशी ज्या घराची पाळी असेल ते भाकरी देईल ती खायची, गाडीतच पाय पसरायचे आणि सकाळी कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, कोर्टाच्या तारखांचे म्हातारे असं सगळं भरून वाशीकडं निघायचं. बलभीम वाशीकडचा, घरी चार एकर रान. शिवशरण मुरुमचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरी बोलणं कानडी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी आरोही मुरुमला आत्याकडं, चन्नम्माकडं राहायची. शिवशरण डेपोजवळच्या एका खोलीत.

पुढं ड्रायव्हर, मागं कंडक्टर. मधे माणसांची गर्दी आणि वर एक दोरी. एक बेल झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. शिवशरणची बेल अख्ख्या डेपोत वेगळी. एकदा टण, मग मधे एक आवंढा गिळण्याइतका थांबा, मग दुसरी टण. त्या थांब्यात तो दार बघायचा, पायरी बघायचा, कुणाच्या लुगड्याचा पदर अडकला नाही ना ते बघायचा. बलभीम म्हणायचा, "अप्पाची बेल म्हंजी म्हातारीच्या दोन शिंका. पहिली आली की दुसरीची वाट बघत बसायचं." ही बेल त्याच्या कानाला इतकी सवयीची झाली होती, की बदली कंडक्टर आला की त्याचा पाय क्लचवर उगाच घोटाळायचा.

भांडणाचं मूळ विचाराल, तर कलप.

पौषातल्या एका सोमवारी शिवशरण मिशा काळ्याभोर करून आला. त्याचं असं झालं होतं, की पुढच्या महिन्यात आरोहीला बघायला पाहुणे येणार होते. चन्नम्मानं भावाला फोनवर ठणकावलं होतं, की असा पांढरा बोका होऊन बसलास तर पाहुणे म्हणतील, हा पोरीचा बाप का आजा. शिवशरणनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा स्वभावच तसा. घरचं घरात.

बलभीमला मात्र कलप दिसला आणि हात शिवशिवले. भर कँटीनमध्ये त्यानं विचारलं, "अप्पा, घोडं सांगितलं का? का आपल्या लाल गाडीवरनंच वरात काढायची?"

सगळी कँटीन खिदळली. कुणी म्हणालं, करवली कोण, कुणी म्हणालं, नवरी कोरेवाडीचीच असणार, म्हणून तर बाबा मुक्कामी ड्युटी सोडत नाही. शिवशरणनं बशीतला वडा शांतपणे संपवला, हात धुतले आणि त्या दिवसापासून बलभीमशी बोलणं बंद केलं.

बलभीमनंही नाक वर केलं. "मस्करी कळत न्हाय त्याला आमी काय करावं?" झालं. एकाच गाडीत दोन माणसं, एकाच गावची भाकरी खायची, एकाच गाडीत झोपायचं, आणि दोघांत शब्द नाही. उरली ती फक्त बेल. एक थांबायची, दोन निघायची. बाकी काही सांगायची सोय राहिली नव्हती.

तशात कोरेवाडीत हुरड्याचे दिवस आले. पाहुणे यायच्या आठवड्यात, बुधवारी, पाळीच्या घरानं दोघांना शेतातच बोलावलं. आगटी पेटलेली, कणसं भाजायलीत, लसणाची चटणी, घट्ट दही. शिवशरण मूठ मूठ खात होता. बलभीमला राहवलं नाही. शिवशरणकडं न बघता, आगटीकडं बघून तो म्हणाला, "हुरडा म्हाताऱ्यांनी बेतानं खावा. पचवणं ज्वानांचं काम हाय. आता नवरदेवांचं काय, ते म्या सांगू शकत न्हाय."

शिवशरणनं ऐकलं आणि आणखी दोन ओंजळी हुरडा पुढ्यात ओढला.

सकाळी गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर गुंडप्पा बसला होता. हा मुरुमचा कापडवाला, कोरेवाडीत एका लग्नाचा बस्ता ठरवायला आलेला. आरोहीच्या सोयरिकीत मध्यस्थ होता तो हाच. त्याला वाशीहून सोलापूरची गाडी गाठायची होती आणि तो दर वळणाला घड्याळ बघत होता.

गवळणीच्या फाट्याजवळ, दोन्ही बाजूंनी पुरुषभर ज्वारी उभी होती तिथं, एक बेल झाली. बलभीमनं गाडी थांबवली. आरशात बघितलं तर चढायला कुणी नाही, उतरायला कुणी नाही. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, अप्पाला फोन आला असेल, पोरीशी बोलत असेल. विचारावं तर बोलणं बंद. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला.

मग बेल झाली. टणटण. दोन्ही एकाला एक चिकटलेल्या, घाईच्या, दोरी उपटल्यासारख्या.

बलभीमच्या कानानं त्याच क्षणी सांगितलं, की हा अप्पाचा हात नाही. नुसतं वळून मागं बघायचं होतं. पण वळून बघणं म्हणजे आपण आधी पडतं घेतल्यासारखं. त्याच्या मानेला तो ताठा आडवा आला. त्यानं गिअर टाकला आणि गाडी हाणली.

तेरखेड्याला एक बाई चढली आणि तिनं हाक मारली, "अहो ड्रायव्हरसाहेब, तिकीट द्यायला कुणी हाय का न्हाय?"

बलभीम मागं आला. कंडक्टरच्या सीटवर तिकिटाचं मशीन होतं, शेजारी शिवशरणचा मोबाइल होता. शिवशरण नव्हता. गुंडप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला वाटलं चढला आसंल. उशीर व्हायलाय म्हणून म्या जरा दोरी वढली."

आता इथं शहाण्या माणसानं काय करायचं असतं? गाडी फिरवायची. पण गाडी फिरवली तर डेपोत लिहिलं जाणार, की ड्रायव्हर कंडक्टर सोडून आला. बलभीमची नोकरी संपायला थोडीच वर्षं राहिली होती. तो स्वतःलाच म्हणाला, मागनं जीपा येत असतात, अप्पा येईल एखादीत बसून. आणि तो पुढं निघाला.

डेपोत कंट्रोलर इंद्रजितसाहेबांनी विचारलं, "वाहक कुठंय?"

"फाट्यावर उतरले साहेब. म्हणले, तू हो पुढं, मला कुणाला तरी भेटायचंय."

एवढं खोटं पुरलं असतं. पण कँटीनमध्ये लोकांनी घेरलं, आणि जुनी खोड. बलभीमनं डोळा बारीक करून म्हटलं, "आता कुणाला भेटायचंय ते मला काय ठाव? मिशा मात्र काळ्या केल्यात बाबानं." लोक हसले. बलभीमही हसला. तेवढ्यात त्याच्या खिशातला शिवशरणचा मोबाइल वाजला. वर नाव होतं, आरोही.

"अप्पा, जेवलात का?"

"मी बलभीमकाका बोलायलोय पोरी. अप्पा गाडीवर हायत. फोन माझ्याकडं ऱ्हायलाय."

"बरं काका. चन्नम्माअव्वा म्हणायली, रविवारी पाहुणे पक्के हायत. अप्पांना रजा टाकायला सांगा."

"सांगतो," म्हणाला बलभीम. त्याच्या हातातला वडा तसाच राहिला.

शिवशरण दुपारी आला नाही, संध्याकाळी आला नाही. त्याच्या खोलीला कुलूप. पैशाची बॅग त्याच्याच खांद्याला होती, म्हणून साहेबांच्या कपाळाला आठी. आणि कँटीनमध्ये बलभीमनं टाकलेल्या त्या एका वाक्याला पाय फुटून ते बाजारात गेलं होतं. तिथं त्याला स्कुटी भेटली, स्कुटीला बाई मिळाली, बाईला ओढणी मिळाली. गुंडप्पा मुरुमला पोचला तोवर त्याच्याकडंही फोनवर ही गोष्ट पोचली होती, आणि त्यानं ती दुकानात गिऱ्हाइकांना फुकट वाटली.

शुक्रवारी सकाळी आरोहीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज बारीक होता. "काका, खरं सांगा. इथं लोक काय काय बोलायलेत. अव्वा रडायली. पाहुण्यांचा निरोप आलाय, की आमी येतो, पण आधी बोलणं करायचंय. अप्पा कुठंयत?"

पोर आपल्या बापाचा पत्ता ज्या माणसाला विचारत होती, त्यानंच तिच्या बापाला रानात टाकून दिलं होतं. "म्या आणतो त्यांना," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला, रजा टाकली आणि मोटारसायकलला किक मारली.

गवळणीच्या फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती, पण त्यांना हाकलणारी एक म्हातारी ज्वारीतल्या माळ्यावर बसून गोफण फिरवीत होती. कस्तुराबाई तिचं नाव. बलभीमनं खालनं हाक दिली, "मावशी, काल एक कंडक्टर इथं उतरला होता. तुमी बघितला का?"

कस्तुराबाईनं गोफण खाली ठेवली. "बघितला की. तू कोण?"

"म्या ड्रायव्हर."

"म्हंजी गाडी नेली ती तूच व्हय रं?" म्हातारी माळ्यावरनं वाकून त्याला निरखू लागली. "ते माणूस पोट धरून उतरलं आन् ज्वारीत शिरलं. तू लगीच गाडी हाणली. ते मागं पळालं. हात हालवत पळालं, हाका मारल्या. तुला आरसा न्हाय का गाडीला?"

बलभीमनं मोटारसायकलचा स्टँड लावला.

"मग पळता पळता पडलं. म्या उतरून जाईस्तवर लई येळ गेला. माझी गुडघं ही अशी. पाणी पाजलं तर ठरंना पोटात. वर वकायचं, खाली जायचं. डोळं आत गेल्यालं. तेवढ्यात आमची आशाताई, गायत्री तिचं नाव, स्कुटीवर आली लसी द्यायला. तिनं आन् म्या उचलून मागं बसवला. पण ते बसतंय कुठं? मान टाकायचं. मग तिनं आपल्या ओढणीनं बांधला पाठीला, लेकरू बांधावं तसा."

बलभीम मोटारसायकलला टेकला. गोष्टीतली ओढणी खरी होती, मान टाकलेलीही खरी होती.

"जित्ता हाय का मावशी?"

"ते तू जाऊन बघ. मला काय इचारतो? धाराशिवला नेलाय म्हणत होती."

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात शिवशरण खाटेवर सापडला. हाताला सलाइन, गाल बसलेले, आणि काळ्या मिशांच्या मुळाशी पांढरी खुंटं. सिस्टरनं सांगितलं, अंगातलं पाणीच संपलं होतं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. कालचा दिवसभर तर स्वतःचं नावही नीट सांगत नव्हते. बॅग मात्र सोडत नव्हते, ती उशाखाली आहे.

बलभीम स्टुलावर बसला. दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळं आधी कोण बोलणार हा पेच इथंही होताच. शेवटी शिवशरणच बोलला.

"गाडी येळेवर पोचली का?"

बलभीम म्हणाला, "पोचली."

"तुझा काय दोष न्हाय त्यात. बेल झाली, तू निघालास. बेलवर जायचंच आसतं." शिवशरण थांबत थांबत बोलत होता. "पहाटंपासनं पोट बिघडलं होतं. तुला सांगावं म्हणलं, तर आपलं बोलणं न्हाय. मोठ्यानं वरडून सांगावं, तर मागं गुंडप्पा. सोयरीक जुळवणाऱ्या माणसाम्होरं कसं सांगायचं, जुलाब लागलेत म्हणून? मशीन, फोन ठिवला आन् गुपचूप उतरलो."

बलभीमनं बाजारातली गोष्ट सांगितली. स्कुटी, ओढणी, हार, सगळं. फक्त ती कुठं उगवली ते सांगितलं नाही. शिवशरणनं उशाखालची बॅग चाचपली. मग म्हणाला, "पाहुण्यांना चक्कर आली म्हणून सांगू. जुलाब नको म्हणूस. पोरीच्या बघण्यात जुलाबाचा विषय बरा दिसत न्हाय."

"तुमी म्हणाल तसं, अप्पा."

"आन् बरं झालं तू आलास. दुसरं कोण येणार होतं मला बघायला?"

शिव्या दिल्या असत्या तर बलभीमनं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. हे वाक्य त्याला पचेना. परतताना त्यानं वाटेत गाडी बाजूला घेतली आणि नुसताच बसून राहिला. बेलचं ठीक आहे, बेल गुंडप्पानं मारली. पण कानाला कळलं होतं, ते? ते तर कुणाला माहीतच नव्हतं. आणि न सांगितलं तर कधी कळणारही नव्हतं. डेपोत वाहक आजारी पडला एवढंच लागलं असतं, नोकरी सुखरूप, अप्पाची दोस्तीही परत. सगळं कसं छान मिटत होतं, आणि त्यानंच तो जास्त घाबरला.

रविवारी मुरुमला, शिवशरणच्या घरी, चन्नम्मानं दारात "बर्री, बर्री" करून पाहुण्यांना आत घेतलं. मुलाचे वडील सिद्धेश्वरअण्णा, मुलाची आई, आणि मधे ऐसपैस बसलेला गुंडप्पा. शिवशरण भिंतीला तक्क्या लावून बसला होता, कालच दवाखान्यातनं सोडलेला. बलभीम दाराशी, चपलांच्या जवळ. कुणी वर बोलावलं तरी तो सरकला नाही.

आरोही पोह्यांच्या बशा ठेवून गेली. तिनं मान वर केली नाही. पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला नाही.

सिद्धेश्वरअण्णा सभ्य माणूस. घसा खाकरून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फोटो बघूनच पसंत होती. पण अप्पा, लोक काय काय बोलायलेत. आमाला ते आईकून सोडून देता येत न्हाय. घरात आणखी दोन पोरी हायत."

"मला चक्कर आली होती," शिवशरण म्हणाला.

"चक्कर स्कुटीवर बसायच्या आधी आली, का बसल्यावर?" गुंडप्पानं मिशीतल्या मिशीत हसत विचारलं. स्वयंपाकघरात एक भांडं पडल्याचा आवाज झाला.

सिद्धेश्वरअण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. "मी दुसऱ्या कुणाचं आईकत न्हाय. पण डेपोत तुमच्या ड्रायव्हरनंच सांगितलं म्हणं, ‘कुणाला तरी भेटायचंय म्हणून उतरले.’ तो तर तुमचा जोडीदार. त्यो खोटं कशाला बोलंल?"

शिवशरणनं बलभीमकडं बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत प्रश्न आला. तो रागाचा नव्हता, नुसता प्रश्न होता. बलभीमला वाटलं, आता उठून दारातनं चालतं व्हावं. चपला जवळच होत्या.

तो उठला, पण चपलांकडं गेला नाही. आतल्या दाराच्या चौकटीला आरोही उभी होती, ती दिसेल असा उभा राहिला.

"त्यो ड्रायव्हर म्या," तो म्हणाला. "अप्पा मला काय बोलले न्हायत. आमचं बोलणंच न्हवतं. अप्पाला जुलाब लागले होते, म्हणून ते ज्वारीत उतरले. बेल दुसऱ्या कुणीतरी मारली. ती अप्पाची न्हाय, हे मला तवाच कळलं होतं, तरी म्या गाडी नेली. ते मागं पळून रानात पडले. आशाताईनं त्यांना खाली पडू नये म्हणून ओढणीनं पाठीला बांधलं आन् दवाखान्यात नेलं. कुणाला भेटायला उतरले, हे डेपोत म्या सांगितलं. ते खोटं होतं."

सिद्धेश्वरअण्णांनी पोह्यांची बशी पुढं ओढली, आणि शिवशरणनं बलभीमला हातानं आपल्या शेजारी बसायची खूण केली.